ओव्हरहॉल केलेलं फोर्ड ३०२ डायनोवर : फ्लायव्हीलच्या बॅलन्सच्या नोंदी

४ फेब्रुवारी : कागदपत्रं आणि आकडेमोड

इंजिन फोर्डचं ३०२ (घन इंच) व्ही-८, क्रँक (पिस्टनचं वर-खाली जाणं फिरण्यात बदलणारा दांडा) १९७० च्या दशकातला. बोअर ०.०३० इंचाने वाढवून १०२.३६ मिमी, स्ट्रोक मूळचाच ७६.२ मिमी, म्हणजे ५०१६ सीसी. पिस्टन नवे, फोर्ज केलेले. कॅमशाफ्ट फ्लॅट टॅपेटचा, म्हणजे टॅपेटला रोलर नाही, ते कॅमच्या लोबवर घासत चालतात. इंजिन पूर्ण जुळवून, फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकावरचं जड चाक) बसवूनच हातात आलं आहे. सोबत बॅलन्सिंगचं कार्ड आहे.

कार्डावरचं बॉबवेट (क्रँक एकटा बॅलन्स करताना रॉड-पिस्टनच्या जागी लावायचं वजन) आधी पडताळून घेतलं. ९० अंशांच्या व्ही-८ मध्ये प्रत्येक क्रँकपिनवर दोन कनेक्टिंग रॉड असतात. फिरणारं वजन पूर्ण धरायचं आणि वर-खाली होणारं निम्मं. एका क्रँकपिनचा हिशेब असा : रॉडचं मोठं टोक ४१० ग्रॅम आणि बेअरिंग ४५ ग्रॅम, दोन्ही दुप्पट, म्हणजे ९१०. पिस्टन ५६०, पिस्टनची पिन १३०, रिंगा ५०, रॉडचं छोटं टोक १७५, मिळून ९१५. हे दोन सिलिंडरचं निम्मं-निम्मं असल्यामुळे एकदाच धरायचं. तेलासाठी ४. एकूण १८२९ ग्रॅम. कार्डावरही हाच आकडा आहे, म्हणजे क्रँकचं काम बरोबर वजनावर झालं आहे.

आता बाहेरच्या वजनांकडे. ३०२ चा क्रँक स्वतःच्या काउंटरवेटवर (समतोलासाठी असलेल्या उलट वजनांवर) पूर्ण बॅलन्स होत नाही. उरलेलं काम पुढचा डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं, रबरावर रिंग बसवलेलं चाक) आणि मागचं फ्लायव्हील यांच्यावरची वजनं करतात. ही दोन वजनं एकमेकांच्या समोरासमोर, १८० अंशांवर असतात, कारण क्रँकला हवा असतो तो दोन टोकांचा जोड, म्हणजे उलट दिशांना ओढणाऱ्या बलांची जोडी. नुसतं मागचं वजन बदललं तरी हा जोड मोडतो.

जुन्या ३०२ मध्ये हे वजन प्रत्येक टोकाला सुमारे २८ औंस-इंच (वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर) होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रँकचे काउंटरवेट हलके झाले आणि बाहेरचं वजन ५० औंस-इंचावर गेलं. बोल्टांची भोकं तीच राहिल्यामुळे ५० चं फ्लायव्हील २८ च्या क्रँकवर सहज बसतं. या इंजिनाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पुढच्या सगळ्या हिशेबांसाठी : १ औंस-इंच म्हणजे ७२० ग्रॅम-मिमी. २८ म्हणजे २०,१६० ग्रॅम-मिमी आणि ५० म्हणजे ३६,००० ग्रॅम-मिमी.

कार्डावर 'दोन्ही टोकं २८' असं लिहिलं आहे, पण मागच्या टोकाला मशीनवर प्रत्यक्ष फ्लायव्हील नव्हतं. २८ चं बदली वजन लावून क्रँक बॅलन्स केला आहे. ही पद्धत चुकीची नाही. मात्र मग खरं फ्लायव्हील स्वतंत्रपणे २८ चं आहे हे कुणीतरी मोजलेलं असायला हवं, आणि तशी नोंद कार्डावर नाही. फ्लायव्हील बिलेट स्टीलचं, १५७ दात्यांचं, १२.७ किलोचं आहे. त्याचं काउंटरवेट वेगळं, बोल्टने बसणारं आहे आणि ते इंजिनच्या बाजूला असल्यामुळे फ्लायव्हील न काढता दिसत नाही.

७ फेब्रुवारी : डायनोवर जोडणी

डायनो, म्हणजे इंजिनाला भार देऊन टॉर्क मोजणारं यंत्र, एडी करंटचा (चुंबकीय ब्रेकचा). फ्लायव्हीलवर स्टीलचा अडॅप्टर, त्यावर रबरी कपलिंग, मग डायनोपर्यंत जाणारा कार्डन शाफ्ट. अडॅप्टर क्लच कव्हरच्या बोल्टांच्या भोकांत बसतो. त्यात भोकांचे दोन संच आहेत, एकमेकांपासून १८० अंशांवर. शिवाय १४० मिमी त्रिज्येवर दर ३० अंशांनी एक, अशी एम-८ ची बारा आटे पाडलेली भोकं आहेत. अडॅप्टर आणि कपलिंगचा अर्धा भाग मिळून १४.२ किलो, म्हणजे फ्लायव्हीलपेक्षाही जड. डायनोवर 'फ्लायव्हीलचा बॅलन्स' म्हणून जे मोजलं जातं, त्यात हे १४ किलो नेहमी मिसळलेले असतात.

चालू करण्याआधी टॉर्शनचा, म्हणजे पिळाच्या कंपनाचा हिशेब करून ठेवला, म्हणजे नंतर गल्लत होणार नाही. इंजिनच्या बाजूचं जडत्व ०.३० किलो-मी² (त्यात फ्लायव्हील ०.१८), डायनोच्या रोटरचं ०.३५, कपलिंगचा ताठरपणा १५०० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. यातून नैसर्गिक वारंवारता साधारण १५.३ हर्ट्झ निघते. आठ सिलिंडरच्या पेटण्याची, म्हणजे चौथ्या ऑर्डरची (ऑर्डर म्हणजे क्रँकच्या एका फेरीत किती वेळा) या वारंवारतेशी गाठ त्यामुळे २३० आरपीएमला पडते. ती स्टार्टर फिरवतानाच मागे जाते. अर्ध्या ऑर्डरची गाठ मात्र १८४० ला पडते. एखादा प्लग मिस मारत असेल तर अर्धी ऑर्डर जोरात उठते आणि १८०० च्या आसपास कपलिंग जबर हेलकावे खातं. असा धक्का बॅलन्सचा समजून फ्लायव्हील उतरवलं तर दिवस फुकट जातो.

कंपन मोजायला दोन अॅक्सिलरोमीटर, दोन्ही आडव्या दिशेने : एक ब्लॉकच्या मागच्या बेलहाउसिंगच्या (फ्लायव्हीलवरच्या आवरणाच्या) कडेला, दुसरा पुढे टायमिंग कव्हरजवळ ब्लॉकवर. फेज, म्हणजे कंपनाचा धक्का फेरीत कुठल्या कोनात येतो ते, मिळवायला डॅम्परवर परावर्तक पट्टी आणि ऑप्टिकल पिकअप.

डॅम्परवरची टीडीसी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) पिस्टन स्टॉप लावून तपासली. खूण बरोबर जागी आहे, म्हणजे बाहेरची रिंग रबरावरून सरकलेली नाही. बाहेरून बॅलन्स होणाऱ्या इंजिनात ही तपासणी टाळू नये. रिंग सरकली की टायमिंगची खूण तर खोटी पडतेच, रिंगवर वजन असेल तर तेही चुकीच्या कोनात जातं. डॅम्परच्या हबला जोडलेलं वजन दिसायला २८ चंच आहे आणि त्यावरचा भाग क्रमांकही जुळतो.

८ फेब्रुवारी : पहिला स्टार्ट

झिंक असलेलं ब्रेक-इन तेल, ड्रिलने ऑइल पंप फिरवून आधी प्रेशर चढवलं. फ्लॅट टॅपेट कॅमला पहिल्या स्टार्टनंतर लगेच २००० ते २५०० वर वीस मिनिटं चालवावं लागतं. आयडलवर ठेवलं तर कॅमच्या लोब आणि टॅपेटमध्ये पुरेसं तेल उडत नाही आणि लोब घासले जातात.

इंजिन लगेच पकडलं. तेलाचा दाब २००० ला ४.१ बार. पण थरथर पहिल्याच मिनिटात जाणवली. मागच्या सेन्सरवर पहिल्या ऑर्डरचं कंपन, मिमी/से आरएमएस :

१५०० ला २०.१
२००० ला २६.९
२५०० ला ३३.५

२५०० ला पुढच्या सेन्सरवर १३, आणि फेज मागच्यापेक्षा जवळपास १८० अंश उलटा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. असमतोलाचं बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून कंपनही वर्गाच्या प्रमाणात वाढायला हवं असं पुष्कळ जण धरून चालतात. त्वरण तसं वाढतं. पण मिमी/से मध्ये मोजलेला कंपनाचा वेग, इंजिन माउंटच्या अनुनादाच्या बराच वर असेल तर, साधारण आरपीएमच्या सरळ प्रमाणात जातो. वरचे तिन्ही आकडे तसेच आहेत. मध्येच एखाद्या आरपीएमला उंचवटा नाही, म्हणजे हा अनुनाद नाही.

पुढचं टोक उलट्या फेजमध्ये आणि मागच्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास : सगळं इंजिन स्वतःच्या मध्याभोवती डुलतंय आणि ढकलणारं बल मागच्या टोकाला आहे. दोष डॅम्परमध्ये असता तर पुढचा आकडा मोठा आला असता.

इंजिन बंद केलं. कॅमचं ब्रेक-इन अर्धवट राहिलं त्याची चिंता नाही; ते तुकड्यांत करता येतं, फक्त प्रत्येक वेळी स्टार्ट केल्यावर सरळ २००० वर न्यायचं. अशा कंपनात आरपीएम खाली आणून आयडलवर 'बघत बसणं' हाच सगळ्यात वाईट पर्याय.

९ फेब्रुवारी : दोष कुठल्या बाजूला

तीन चाचण्या, प्रत्येक वेळी २००० किंवा त्याच्या वर, थोडक्यात.

कार्डन शाफ्ट काढून : पहिली ऑर्डर २६.९ वरून २६.१ वर. शाफ्ट आणि डायनोचा रोटर सुटले.

लोड बदलून : शाफ्ट परत जोडून २००० ला लोड शून्यावरून १५० न्यूटन-मीटरवर नेला. चौथी ऑर्डर वाढली, पहिली जागची हलली नाही. असमतोलाला लोडशी देणंघेणं नसतं.

एका सिलिंडरचा प्लग काढून, २३०० ला : अर्धी ऑर्डर लगेच उभी राहिली, पहिली तशीच. ही चाचणी १८४० पासून लांब राहूनच करायची, कारण वर दिलेलं.

उरलं फ्लायव्हील आणि अडॅप्टर. एवढं कंपन एकट्या अडॅप्टरने येण्यासाठी तो मिलिमीटरहून जास्त सरकलेला असावा लागेल, आणि तेवढं डोळ्यांना दिसलं असतं. फ्लायव्हील उतरवायचं.

११ फेब्रुवारी : फ्लायव्हील टेबलावर

फ्लायव्हीलचे सहा बोल्ट ७/१६-२० चे. एक भोक मुद्दाम थोडं सरकवलेलं असल्यामुळे ते एकाच कोनात बसतं. म्हणून कोन चुकल्याची शक्यता आधीच बाद.

वजन मोजायची साधी पद्धत : क्रँकच्या रजिस्टरच्या (मध्य धरणाऱ्या गोल खांद्याच्या) मापाचा मँड्रेल (दांडा) फ्लायव्हीलमध्ये घट्ट बसवायचा आणि ग्राइंड केलेल्या, लेव्हल केलेल्या दोन समांतर पट्ट्यांवर ठेवायचा. जड बाजू खाली येते. तिच्या बरोबर समोर, १४० मिमी त्रिज्येवर आखलेल्या रेषेवर चुंबक आणि वॉशर लावत जायचं; फ्लायव्हील कुठल्याही कोनात सोडलं तरी स्थिर राहीपर्यंत. मग चुंबकासकट सगळं वजन काट्यावर. १४० मिमीवर २८ औंस-इंचासाठी १४४ ग्रॅम लागायला हवेत, ५० साठी २५७ ग्रॅम.

लागले २५९ ग्रॅम. म्हणजे ३६,२६० ग्रॅम-मिमी, ५०.४ औंस-इंच.

उत्तर स्पष्ट आहे. फ्लायव्हीलवर ५० चं वजन आहे, क्रँक आणि डॅम्पर २८ चे आहेत. मागच्या टोकाला २२ औंस-इंच, म्हणजे १५,८४० ग्रॅम-मिमी जास्त. याचं फिरतं बल :

२५०० ला १०८६ न्यूटन, साधारण १११ किलो
५००० ला ४३४३ न्यूटन, साधारण ४४३ किलो
६००० ला ६२५४ न्यूटन, साधारण ६३८ किलो

दर फेरीला दिशा बदलणारं हे बल शेवटच्या मेन बेअरिंगवर येतं, तेही क्रँकच्या फ्लँजच्या बाहेर लटकून, म्हणून क्रँकला वाकवण्याचा भागही त्यात असतो. २५०० पर्यंत थोडा वेळ चालल्याने बेअरिंगला इजा होत नाही. ज्वलनाचा भार त्याच्या कितीतरी पट असतो. ६००० चे पुल (पॉवर मोजण्याच्या फेऱ्या) घेतले असते तर गोष्ट वेगळी होती. स्टार्टरचे बोल्ट ढिले होणं, ब्रॅकेटला तडे जाणं, मागच्या ऑइल सीलमधून गळती हे सगळं त्याच वाटेने येतं.

डायनोवर याच्या उलटही घडतं. काही डायनोंना स्वतःचं शून्य बॅलन्सचं फ्लायव्हील असतं आणि प्रत्येक इंजिनाला तेच लावलं जातं. आतून बॅलन्स झालेल्या इंजिनाला ते चालतं. २८ च्या इंजिनाला लावलं तर मागे २८ औंस-इंच कमी पडतात, आणि ५००० ला ५५०० न्यूटनचं बल उभं राहतं. इंजिन ज्या फ्लायव्हीलसाठी बॅलन्स केलं, तेच, किंवा मोजून त्याच्याशी जुळवलेलं फ्लायव्हील डायनोवर लागलं पाहिजे. यात सवलत नाही.

१२ फेब्रुवारी : वजन बदललं

२८ चं काउंटरवेट बसवलं. वजनाखालची जागा पूर्ण साफ. तिथे रंगाचा पापुद्रा किंवा बर (धातूची खरखरीत कड) राहिली तर वजन तिरकं बसतं आणि बोल्ट सैल पडतात. बोल्ट नवे, जास्त ताकदीच्या थ्रेड लॉकरसह, पत्रकात दिलेल्या टॉर्कवर. हे वजन ५००० ला सुटलं तर बेलहाउसिंग फाडून बाहेर येईल, म्हणून इथे जुने बोल्ट वापरू नयेत.

परत पट्ट्यांवर : १४५ ग्रॅम. आदर्शापेक्षा १ ग्रॅमचा फरक, १४० ग्रॅम-मिमी. पट्ट्यांची पद्धत याहून बारीक दाखवत नाही. तुलनेसाठी, आयएसओ २१९४०-११ या बॅलन्सच्या मानकातली 'जी ६.३' (G6.3) ही श्रेणी ६००० आरपीएमला वस्तुमानाच्या मध्याची अक्षापासून साधारण १० मायक्रॉन सरक मान्य करते, म्हणजे १२.७ किलोला १२७ ग्रॅम-मिमी. पट्ट्यांची चाचणी त्या मर्यादेच्या काठावर येते. चुकीचं वजन पकडायला ती भरपूर आहे, शेवटचा बॅलन्स करायला नाही.

बसवताना क्रँकचा फ्लँज आणि फ्लायव्हीलचा त्यावर बसणारा भाग ऑइल स्टोनने पुसून घेतला. ३०२ मध्ये हे बोल्ट थेट क्रँककेसपर्यंत जातात, म्हणून आट्यांना सीलंट लागतं, नाहीतर क्लचवर तेल येतं. टॉर्क १०८ न्यूटन-मीटर, समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत. डायल गेजने फ्लायव्हीलच्या तोंडाचा रनआउट (फिरताना दिसणारं हेलकावणं) ०.०८ मिमी. डायल लावताना क्रँक एकाच दिशेला दाबून धरायचा, नाहीतर थ्रस्ट बेअरिंगची मोकळीक रनआउट म्हणून वाचली जाते.

१४ फेब्रुवारी : दुसरी फेरी आणि उरलेलं कंपन

सरळ २००० वर. फरक लगेच कळतो. २५०० ला मागचा सेन्सर ६.२ मिमी/से, फेज ५० अंश. ३३.५ वरून ६.२ म्हणजे मोठा दोष गेला. पण ६.२ सुद्धा चांगल्या व्ही-८ साठी जास्तच आहे. ब्रेक-इनची उरलेली मिनिटं २००० ते २५०० मध्ये पूर्ण केली, या कंपनाला तेवढं चालतं.

मग चाचणी वजन. अडॅप्टरच्या शून्य अंशाच्या भोकात १६ ग्रॅम, १४० मिमीवर, म्हणजे २२४० ग्रॅम-मिमी. २५०० ला नवं वाचन ४.९ मिमी/से, ९५ अंश.

हिशेब कागदावर :
मूळ वाचन ६.२ कोन ५० : आडवा घटक ३.९९, उभा ४.७५
नवं वाचन ४.९ कोन ९५ : आडवा −०.४३, उभा ४.८८
फरक : −४.४१ आणि ०.१३, म्हणजे ४.४१ कोन १७८

हा फरक म्हणजे १६ ग्रॅमचा परिणाम. मूळ वाचन पुसायला ६.२ भागिले ४.४१ गुणिले १६ म्हणजे २२.५ ग्रॅम लागतील, आणि कोन ५० + १८० − १७८ म्हणजे ५२ अंश. ५२ वर भोक नाही, म्हणून ३० आणि ६० मध्ये वाटायचं : ३० वर ६.५ ग्रॅम, ६० वर १६.६ ग्रॅम. दोन्हींची बेरीज २२.५ पेक्षा थोडी जास्त येते, कारण ती वेगवेगळ्या दिशांना ओढतात.

यातला उपयोगी आकडा : २५०० ला दर १००० ग्रॅम-मिमीला १.९७ मिमी/से. या सेटअपची ही संवेदनशीलता आता हाताशी आहे.

वजनं लावली की कंपन पुसलं जाईल. बरेच जण इथे थांबतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच हिशेबाने फ्लायव्हीलला भोक पाडतात. ते करायचं नाही. हा असमतोल फ्लायव्हीलचा आहे की अडॅप्टरचा, हे अजून ठरलेलं नाही. अडॅप्टरचा असेल आणि सुधारणा फ्लायव्हीलमध्ये केली, तर डायनोवर इंजिन गुळगुळीत चालेल, आणि गाडीत अडॅप्टर नसताना तीच सुधारणा नवा असमतोल होऊन बसेल. चाचणी वजन काढून टाकलं.

१५ फेब्रुवारी : अडॅप्टर १८० अंश फिरवून

भोकांचा दुसरा संच यासाठीच. अडॅप्टर फ्लायव्हीलवर १८० अंश फिरवून बसवला, बाकी सगळं तसंच, तेलाचं तापमानही तेवढंच, ८५ अंश सेल्सिअस. २५०० ला वाचन ५.० मिमी/से, २१५ अंश.

फेज जवळपास उलटला, तेव्हाच अंदाज आला होता. आकड्यांत : दोन्ही वाचनांची सरासरी म्हणजे न फिरलेला भाग, इंजिन आणि फ्लायव्हील, दोन्हींच्या फरकाचं निम्मं म्हणजे फिरलेला भाग, अडॅप्टर.

इंजिन आणि फ्लायव्हील : ०.९ मिमी/से
अडॅप्टर आणि अर्धं कपलिंग : ५.६ मिमी/से

म्हणजे क्रँक, डॅम्पर, फ्लायव्हील सगळं मिळून ४८० ग्रॅम-मिमीच्या आसपास, एक औंस-इंचाच्याही आत. ओव्हरहॉल झालेल्या इंजिनासाठी हे चोख काम आहे. अडॅप्टरच्या वाट्याला २८०० ग्रॅम-मिमी. १४.२ किलोने भागलं की ०.२० मिमी सरक निघते. डायल लावून अडॅप्टरच्या कडेचा रनआउट पाहिला : ०.४१ मिमी. सरकेच्या दुप्पट रनआउट दिसतो, तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात.

कालचं २२.५ ग्रॅम फ्लायव्हीलमध्ये गेलं असतं, तर गाडीत सुमारे ४ औंस-इंचाचा असमतोल घेऊन इंजिन गेलं असतं. ६००० ला ११०० न्यूटन.

१७ फेब्रुवारी : अडॅप्टर मध्यावर

कारण साधं आहे. अडॅप्टर फक्त बोल्टांवर टांगलेला होता, आणि बोल्टाच्या भोकांना मोकळीक असते. बोल्टाचं काम दाबून धरणं. मध्य धरण्याचं काम डॉवेल (घट्ट बसणारी पिन) किंवा स्पिगॉट (गोल खांदा) यांचं. फ्लायव्हीलवर क्लच कव्हरसाठी डॉवेल आहेतच, पण अडॅप्टरच्या भोकांत ते सैल बसत होते.

अडॅप्टर हलका आवळून, डायल कडेला लावून, नायलॉनच्या हातोडीने ठोकत रनआउट ०.०४ मिमीपर्यंत आणला. पूर्ण आवळला, परत मोजला. आवळताना तो ०.०१ ते ०.०२ ने सरकतोच, म्हणून हे दोन-तीनदा करावं लागतं. मग डॉवेलच्या जागी कडक स्टीलच्या बुश बसवून त्या जागेवरच रीम केल्या. आता डॉवेलवर ०.०२ मिमीच्या आत मोकळीक आहे. काढून परत बसवला तरी ०.०४.

२५०० ला मागचा सेन्सर १.३ मिमी/से. ५५०० ला ३.१. अडॅप्टरवर एकही वजन लावलेलं नाही आणि फ्लायव्हीलला एकही भोक पाडलेलं नाही.

१८ फेब्रुवारी : तेल आणि फिल्टर

ब्रेक-इनचं तेल काढलं. फिल्टर कापून कागद उलगडला : असेंब्लीचा मॉलिब्डेनमचा काळा थर, थोडी बारीक लोखंडी पूड चुंबकावर, बेअरिंगचे चमकणारे कण नाहीत. शेवटची मेन कॅप उघडायची गरज नाही. गरम तेलाचा दाब २५०० ला ३.८ बार, पहिल्या दिवसाइतकाच स्थिर.

२० फेब्रुवारी : पॉवरचे पुल

स्टेप टेस्ट, २५०० ते ५५००, दर २५० आरपीएमला चार सेकंद धरून. पाणी ८२ अंश, इग्निशन एकूण ३४ अंश. दुरुस्ती एसएई जे१३४९ प्रमाणे, २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब.

कमाल टॉर्क ४०२ न्यूटन-मीटर, ३७५० ला. कमाल पॉवर २१३ किलोवॉट, ५५०० ला, टॉर्क तिथे ३७०.

अडॅप्टर सरकलेला असताना लोड सेलचं (डायनोवर टॉर्क मोजणाऱ्या सेन्सरचं) वाचन स्थिर आरपीएमलाही १४ न्यूटन-मीटर वर-खाली नाचत होतं. आता ३ च्या आत. सरासरी घेतली की नाचणं झाकलं जातं आणि आलेख गुळगुळीत दिसतो, म्हणून आलेख पाहण्याआधी कच्चं वाचन पाहावं. दुसरा फरक कार्ब्युरेटरचा. थरथरीत फ्लोट बोलमधलं पेट्रोल फेसाळतं, पातळी हलते आणि मिश्रण पातळ-घट्ट होत राहतं. लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या खाली मिश्रण घट्ट) त्या वेळी पूर्ण थ्रॉटलला ०.८२ ते ०.९५ मध्ये भटकत होता, आता ०.८६ ते ०.८८. त्या अवस्थेत जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची मापाची छिद्रं) बदलले असते तर चुकीच्या कारणासाठी बदलले गेले असते. कंपन बसवल्याशिवाय जेटिंगला हात लावू नये.

त्याच इंजिनावर स्वीप टेस्टही घेतली, म्हणजे न थांबता आरपीएम वाढवत, ३०० आरपीएम प्रति सेकंद, जडत्वाची दुरुस्ती मुद्दाम बंद ठेवून. कमाल टॉर्क ३८२. वीस कुठे गेले, त्याचा हिशेब सरळ आहे : ३०० आरपीएम प्रति सेकंद म्हणजे ३१.४ रेडियन प्रति सेकंद वर्ग. इंजिनच्या बाजूचं ०.३० आणि रोटरचं ०.३५ मिळून ०.६५ किलो-मी². गुणाकार २०.४ न्यूटन-मीटर. एवढा टॉर्क फिरणारी वस्तुमानं वेगात आणण्यात जातो, लोड सेलपर्यंत पोचत नाही.

'हलकं फ्लायव्हील लावलं आणि पॉवर वाढली' हा दावा यातूनच येतो. ०.१८ च्या जागी ०.१२ चं फ्लायव्हील लावलं तर या स्वीपमध्ये १.९ न्यूटन-मीटर जास्त दिसेल, ६०० च्या स्वीपमध्ये ३.८. स्टेप टेस्टमध्ये काहीही नाही. गाडी गिअरमध्ये वेग घेते तेव्हा हलक्या फ्लायव्हीलचा फायदा खरा असतो, पण त्याला इंजिनाची पॉवर म्हणणं बरोबर नाही. वेगवेगळ्या फ्लायव्हीलांची तुलना करायची तर स्टेप टेस्टच, आणि दोन्ही वेळा कंपनाचं वाचन आलेखासोबत जोडून.

२२ फेब्रुवारी : क्लच कव्हर आणि रवानगी

गाडीत अडॅप्टरच्या जागी क्लच कव्हर येणार, तेव्हा त्याचा असमतोल वेगळा मोजला. बॅलन्सिंग मशीनवर कव्हर एकटं, शून्य बॅलन्सच्या टेस्ट प्लेटवर : ३१० ग्रॅम-मिमी. सुधारणा कव्हरवरच केली, कडेच्या भोकात रिव्हेट लावून, आता ६० च्या आत. फ्लायव्हीलमध्ये केली असती तर पुढच्या वेळी क्लच बदलला की ती निरुपयोगी झाली असती.

फ्लायव्हीलच्या क्लचकडच्या कडेवर ठोक्याने '२८' कोरलं आहे, म्हणजे बेलहाउसिंगच्या खालच्या झाकणातून दिसेल. काढलेलं ५० चं वजन फ्लायव्हीलच्या खोक्यात परत ठेवलेलं नाही. ते वेगळ्या पिशवीत, 'या क्रँकला लावू नये' अशी चिठ्ठी बांधून दिलं आहे. बॅलन्सिंगच्या कार्डावर फ्लायव्हीलचं मोजलेलं वजन (१४० मिमीवर १४५ ग्रॅम), डॅम्परचा भाग क्रमांक आणि २५०० व ५५०० ची कंपनाची वाचनं लिहिली. क्लच कव्हर आणि फ्लायव्हीलवर रंगाची जुळती खूण केली. कव्हर बसवताना बोल्ट आळीपाळीने, प्रत्येकी अर्धा-अर्धा आटा आवळायचे, नाहीतर कव्हरची कड वाकते आणि डॉवेलवर ते तिरकं चढतं.